बाप्तिस्म्याचं कोमट पाणी

सकाळची वेळ आमच्या लॅबमध्ये उपाशीपोटी आलेल्या माणसांची असते आणि उपाशी माणूस चिडका असतो. त्या दिवशी एका आजोबांच्या दंडाला पट्टी बांधून मी शीर शोधत होते आणि ते मला, हे काम तुम्ही नक्की शिकलाय ना, असं विचारत होते. तेवढ्यात ॲप्रनच्या खिशात फोन थरथरला. रक्त घेतलं, आजोबांना कापूस दाबून धरायला सांगितला आणि फोन बघितला. माझ्या नवऱ्याचा, विनयचा मेसेज होता... सुवार्ताबाई पहाटे गेल्या. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "सुटल्या बाई!" आणि मी स्टुलावर टेकले. "कोण गेलं?" आजोबांनी विचारलं. "आमच्या बाई." "मग तुम्ही हसताय कशा?" मी हसतेय हे मला त्यांनी सांगितल्यावर कळलं.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. हसू का आलं याचा मी बराच विचार केला आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही असं ठरवून टाकलं. खुब्याचं हाड मोडून बाई अंथरुणाला खिळल्या होत्या. आयुष्यभर महापालिकेच्या शाळेत खणखणीत आवाजात शिकवलेल्या बाईंना शेवटी पाणी मागायलाही धाप लागायची. रोज सकाळी नर्स ओल्या फडक्याने अंग पुसायला यायची तेव्हा म्हणायच्या, "आली बघ, मला रोज बाप्तिस्मा देते ही." त्यातून त्या सुटल्या, हे एक. आणि जो प्रश्न मी इतकी वर्षं घशात अडकवून फिरत होते, तो त्यांना विचारायचं धाडस मला त्या जायच्या आधी झालं, हे दुसरं. राहून गेला असता तर जन्मभर टोचत राहिला असता.

आमच्या बाई असं मी म्हणते खरी, पण मी ख्रिस्ती नाही. मी भांडुपची, मालवणी घरातली. बाबा गिरणी बंद पडल्यावर एका सोसायटीच्या गेटवर बसायचे, घरी दीड दिवसाचा गणपती. विनयचं घराणं मूळचं नगरकडचं, मराठी ख्रिस्ती, दोन पिढ्या मुलुंडला स्थायिक. आमचं लग्न रजिस्टर झालं. दोन्ही घरांनी आधी तोंडं फिरवली आणि जुई झाल्यावर परत वळवली, जसं बहुतेक घरांत होतं. मात्र जुई चार-पाच महिन्यांची झाली तशी सासूबाईंनी बाप्तिस्म्याचा विषय काढला. मी विनयला लग्नाआधीच सांगितलं होतं, मी धर्म बदलणार नाही. तो हो म्हणाला होता. मुलीचं काय, हे दोघांनीही बोलायचं टाळलं होतं. आता मला एकच दिसत होतं... तिच्या डोक्यावर ते पाणी पडलं, की मुलगी त्यांची. मी आपली तिला दूध पाजणारी.

आमच्या मंडळीत, म्हणजे त्या चर्चला येणाऱ्या सगळ्या कुटुंबांत, एक शिरस्ता होता. बाळाला बाप्तिस्मा द्यायचा असेल तर आधी सुवार्ताबाई येऊन आईबापांना शिकवणार. मुलं मोठी होऊन प्रभुभोजन, म्हणजे उपासनेत सगळ्यांना देतात तो भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट, घ्यायला लागणार असतील तरी आधी आईबापांचा वर्ग, मग मुलांचा. कुणी कितीही मोठा साहेब असो, त्याला बाईंच्या समोर बसावं लागायचं. तर एका रविवारी दुपारी त्या आमच्याकडे आल्या. उंच, सडसडीत, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. चपला काढल्या आणि हॉलमध्ये सोफ्यावर अवघडून बसलेल्या विनयला ओलांडून सरळ स्वयंपाकघरात आल्या. मी बांगडे साफ करत होते. मी आदल्या दिवसापासून पाठ केलेलं वाक्य हात न धुताच म्हणून टाकलं, "बाई, मी धर्म बदलणार नाहीये."

"मी विचारलं का?" बाई म्हणाल्या आणि स्टूल ओढून बसल्या. "मी शिकवायला आलेय. बांगडे ना हे? आम्हा नगरवाल्यांना मासे कळत नाहीत. तू ते चिरत राहा, मी बोलते."

आणि त्या बोलल्या. मला वाटलं होतं स्वर्ग, नरक, पाप असलं काहीतरी येईल. त्यांनी सांगितलं ते असं होतं, की बाळ काही मळलेलं नसतं की त्याला धुऊन काढावं. ते आधीच देवाचं लाडकं असतं. ते लाडकं आहे, हे सगळ्यांसमोर पाण्याने बोलून दाखवायचं आणि आम्ही सगळे मिळून याला सांभाळू असं मंडळीने कबूल करायचं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "उद्या ही मुलगी विचारेल, आई, माझ्या डोक्यावर पाणी का घातलं? काय सांगशील?" मी म्हटलं, "विनय सांगेल ना." "विनय ऑफिसात असेल. मुलं असले प्रश्न आईला विचारतात, तेही तिचे हात पिठात असताना. तूच सांगायचंस. चल, सांग बघू." मी चाचरत म्हटलं, आपण बारशाला नाव ठेवतो ना, तसं... "इथपर्यंत ठीक आहे," बाई म्हणाल्या, "पुढे चल." तीन-चार रविवार बाई येत राहिल्या आणि मी पुढे चालत राहिले. माझ्या लक्षात आलं, की माझ्या मुलीच्या बाप्तिस्म्याबद्दल मी तिला सांगायचंय. म्हणजे त्या पाण्याच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी माझी जागा या बाईने धरून ठेवली होती. इतके दिवस छातीवर ठेवलेलं ओझं जरा हललं.

बाप्तिस्म्याचा दिवस ऐन थंडीतला. मुंबईची थंडी ती काय, पण माझ्या आईला तेवढी पुरते. ती भांडुपहून रिक्षाने आली ती टोपरं, शाल, टॉवेल आणि एक मोठा लाल थर्मास घेऊन. मला वाटलं चहा आणला असेल. उपासना सुरू झाली. पुढे लाकडी स्टँडवर पितळेचं भांडं होतं, त्यात पाणी. पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, विनयकडून जुईला हातात घेतलं आणि माझी आई उठली. मी पदर धरायच्या आत ती पुढे पोचलीसुद्धा. "ह्या थंडगार पाण्यान न्हाणवतले माझ्या नातीक?" सगळ्या चर्चला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "इतक्याशा जीवाक? काळीज असा काय तुमका?" आणि थर्मासचं बूच काढून तिने वाफाळतं पाणी त्या पितळेच्या भांड्यात ओतलं. वर, बाळाच्या न्हाणीच्या वेळी बघतात तसं पदर खोचून त्यात स्वतःचं कोपर बुडवून बघितलं. "आता बरा असा," म्हणाली, "घाला."

विनयच्या चेहऱ्यावर 'वाट लागली' असं सरळ लिहिलेलं होतं. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले, ते प्रार्थनेसाठी नक्कीच नव्हे. पाळकसाहेब तर दगड झाले होते. एका हिंदू म्हातारीने बाप्तिस्म्याच्या पाण्यात कोपर घातल्यावर काय करायचं, हे त्यांना कुठल्याही कॉलेजात शिकवलेलं नसणार. तेव्हा पहिल्या बाकावरून सुवार्ताबाईंचा आवाज आला, वर्गातल्या मुलाला पुढचं वाच म्हणतात तसा. "साहेब, पाण्याला काही झालेलं नाही. करा सुरू." साहेबांनी सुरू केलं. जुई रडली नाही. कोमट पाणी कपाळावरून ओघळलं तशी तिने जांभई दिली आणि मंडळीत हशा पिकला.

थर्मास चर्चमध्येच राहिला. मी परत मागायला गेले तर बाई म्हणाल्या, "राहू दे. बाकीची बाळं काय लोखंडाची आहेत?" तेव्हापासून आमच्याकडे कुठल्याही बाळाचा बाप्तिस्मा असला, की बाई घरून पाणी तापवून त्या लाल थर्मासमधून आणायच्या, भांड्यात ओतायच्या आणि कोपर बुडवून बघायच्या. पुढे आलेल्या पाळकांना तर हा चर्चचा जुना विधीच वाटत असे.

मी चर्चला जायचे ती विनय आणि जुईसोबत, दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसायला. तिथे वारा चांगला येतो आणि कुणी काही विचारत नाही. सगळे प्रभुभोजन घ्यायला पुढे जायचे तेव्हा मी तिथून बघत बसायचे. जुई लहान होती तोवर तीही माझ्यासोबत मागे बसायची, त्यामुळे एकटं वाटायचं नाही. ती नऊ वर्षांची झाली आणि मंडळीत नवीन ठरलं, की मुलांना मोठं होईपर्यंत थांबवायचं नाही, नीट वर्ग करून लहानपणीच प्रभुभोजनाला घ्यायचं. हे बाईंनी लावून धरलेलं होतं आणि जुन्या लोकांपैकी बऱ्याच जणांना ते पसंत नव्हतं. पोरांना गांभीर्य नसतं, असं त्यांचं म्हणणं. माझं दुखणं वेगळंच होतं. आता जुई पुढे जाणार आणि मी मागे राहणार.

वर्ग बाईंच्या घरी भरायचा, आधी आम्हा आईबापांचा. विनयने लहानपणी पाठ केलेलं उत्तर घडाघडा म्हणून दाखवलं. "शाबास," बाई म्हणाल्या, "आता हेच जुईला कळेल असं सांग." विनय आणि बाकीचे बाप फरशीकडे बघायला लागले. मला काहीच पाठ नव्हतं, म्हणून मी मला पडलेला प्रश्न विचारला. उरलेली भाकर काय करतात? बाई एकदम खूश झाल्या. म्हणाल्या, ती टाकत नाहीत, पाळक आणि एक-दोन जण तिथेच संपवतात. मी म्हटलं, अगदी आमच्या प्रसादासारखं. "सारखं म्हण," बाई म्हणाल्या. "तेच आहे असं मात्र म्हणू नकोस. पण सारखं म्हणायला माझी हरकत नाही." मग मुलांच्या वर्गात त्यांनी सराव घेतला तो ज्वारीच्या भाकरीवर आणि कोकम सरबतावर. भाकर एकाने मोडायची आणि शेजारच्याला द्यायची, स्वतः उचलून खायची नाही. एकट्याने खाल्लं तर ते नुसतं जेवण, असं त्या मुलांना पुन्हा पुन्हा सांगत. जुई घरी येऊन पोळीसुद्धा मोडून वाटायला लागली.

तो रविवार आला. पांढऱ्या फ्रॉकमध्ये जुई इतर मुलांबरोबर पुढे जाऊन कठड्याशी गुडघे टेकून बसली. पाळकसाहेबांनी तिच्या ओंजळीत भाकरीचा तुकडा ठेवला. मी मागून बघत होते. तिची मान खाली गेली... आणि मग ती उठली. पेला अजून तिच्यापर्यंत यायचा होता. ती वळली आणि मधल्या वाटेने चालत थेट माझ्यापर्यंत आली. हातात तुकड्याचे दोन भाग केलेले. एक तिने माझ्या हातावर ठेवला. "आई, घे ना. मी एकटीने कसं खाऊ?"

भांडुपच्या आजीने तिला बोलता येत नव्हतं तेव्हापासून शिकवलं होतं, प्रसाद हातात पडला की आधी मोडायचा, घरच्यांना द्यायचा, मग तोंडात घालायचा. बाईंनी शिकवलं, मोडायचं आणि वाटायचं. पोरीने दोन्ही शिकवण्या एकत्र केल्या होत्या. आणि माझ्या हातावर तो एवढासा तुकडा. मी खाऊ शकत नव्हते, माझा बाप्तिस्मा झालेला नव्हता. परत करू शकत नव्हते, तिचा चेहरा समोर होता. सगळी मंडळी वळून बघत होती. मला वाटलं, झालं... ज्या रेघेला मी घाबरत होते ती इथेच, माझ्या तळहातावर आखली गेली.

पहिल्या बाकावरून बाई उठल्या. सावकाश चालत आल्या, जुईसमोर वाकल्या आणि म्हणाल्या, "आईच्या हातातली मला देशील?" जुईने मान हलवली. बाईंनी माझ्या तळव्यावरचा तुकडा उचलला आणि खाल्ला. जुईने तिचा खाल्ला. मग बाई तिचा हात धरून तिला पेल्यासाठी परत पुढे घेऊन गेल्या. मी सुटले, अगदी मोठा श्वास सोडला. आणि खरं सांगायचं तर दुखलंही. तो माझ्या लेकीने मला दिलेला होता.

उपासना संपल्यावर ज्येष्ठ मंडळी जमलीच. "म्हणून सांगत होतो, मुलांना देऊ नका," एक काका म्हणाले. "आज आईला नेऊन दिलं, उद्या शेजाऱ्यांना वाटतील." बाईंनी चष्मा पुसला. "चूक पोरीची नाही. वाटून खायचं ते मी शिकवलं. कुणाला वाटायचं नाही, ते शिकवायचं राहून गेलं. पुढच्या वर्गातही राहूनच जाईल, मला ते जमत नाही. तुम्ही शिकवा." काका काही आले नाहीत शिकवायला. पाळकसाहेबांनी मुलांचं प्रभुभोजन सुरूच ठेवलं आणि जुईला बोलवून तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मला बाई म्हणाल्या, "तू माझ्या घरी चल." घरी जाऊन त्यांनी तवा ठेवला, परात ओढली आणि एक भाकरी थापली. भाजून झाली तशी गरमच मोडली, चटके बसत असतानाही हाताने मोडली, अर्धी मला दिली, अर्धी स्वतः घेतली. "ही साधी आहे. माझ्या तव्यावरची," म्हणाल्या. "हिला कुणाची परवानगी लागत नाही. खा." मी खाल्ली. मीठ कमी होतं आणि डोळ्यांतलं पाणी नाकावाटे आलं त्याने ते भरून निघालं. बाईंनी लसणाची चटणी पुढे सरकवली. त्यानंतर इतकी वर्षं, प्रभुभोजनाचा रविवार असला की दुपारी आम्ही दोघी त्यांच्या ओट्यापाशी अर्धी-अर्धी भाकरी खायचो. जुई कुठेही गेली नाही. ती चर्चमध्ये पुढे जाते, परत येऊन माझ्याशेजारी बसते आणि भांडुपच्या गणपतीत आजीच्या हातचे मोदक सगळ्यांच्या आधी संपवते.

तरी एक गोष्ट माझ्या मनात राहिलेली होतीच. बाईंनी मला कधी विचारलं नाही. एकदाही नाही. पण विचारलं नाही म्हणजे वाटत नव्हतं असं थोडंच असतं? मी त्यांची इतकी जुनी विद्यार्थिनी, सगळे धडे ऐकलेली आणि शेवटच्या बाकावरून न हललेली. मी त्यांच्या आयुष्यातलं एक अपुरं काम आहे का, हे मला खात होतं. शेवटच्या भेटीत त्या उशीला टेकून होत्या, खिडकीबाहेर रस्त्यावर मेट्रोच्या खांबांच्या कामाची घरघर चालू होती. मी मोसंबं सोलता सोलता विचारून टाकलं. "बाई, तुम्ही माझी वाट बघितलीत का?"

"बघितली की," त्या लगेच म्हणाल्या. "आता मरताना खोटं कशाला बोलू? पहिली कितीतरी वर्षं रोज तुझ्या नावाने प्रार्थना केली." मग धाप लागली, थांबल्या. मी मोसंबं खाली ठेवलं. "मग तुझ्या लेकीने भाकर मोडून तुला आणून दिली ना... त्या दिवशी मागणं सोडून दिलं. म्हटलं, हिच्याकडे देव आपणहून चालत गेलाय, मी मध्ये कशाला उभी राहू? तेव्हापासून तुझ्यासाठी नुसते आभार मानते."

"मग मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कुठे?" म्हणाल्या आणि हसल्या, आणि हसण्याने खोकल्या. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मला इतकं हलकं वाटत होतं, की मोसंब्याची फोड त्यांना देण्याऐवजी मीच खाल्ली. निघताना त्यांनी कपाटाकडे बोट केलं. खालच्या कप्प्यात लाल थर्मास होता, बुचाचा रंग उडालेला. "घेऊन जा. मुलांचा वर्ग दुसरं कुणीतरी घेईल. हे मात्र तूच कर."

आईला बाई गेल्याचं सांगितलं. ती म्हणाली, "बरी होती गो ती. माजो थर्मास खय असा?" "माझ्याकडे," मी म्हटलं. "मगे ठीक असा," म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला.

गेल्या रविवारी एका बाळाचा बाप्तिस्मा होता. पाळकसाहेब नवे आहेत. पितळेचं भांडं नळाच्या पाण्याने भरून ठेवलेलं, कोणाच्या काही ध्यानात नव्हतं. मी शेवटच्या बाकावर बसले होते, पायाशी थर्मास. गाणं संपलं आणि मी उठले. दारापासून त्या भांड्यापर्यंत इतक्या वर्षांत मी कधी चालत गेले नव्हते. वाटेत कुणी अडवलं नाही, उलट कडेच्या बाकावरच्या बायकांनी पाय आत घेतले. जुई मुलामुलींच्या गायनवृंदात उभी होती, तिने बघितलं आणि ओठ दाबून हसली. मी पाणी ओतलं. थर्मास चेपलेला असला तरी पाणी धरून ठेवतो अजून, वाफ निघाली. मग बाही वर सरकवून मी कोपर बुडवलं. थोडं गरम वाटलं म्हणून थांबले, पुन्हा बुडवलं.

"बरोबर आहे?" पाळकसाहेबांनी हळूच विचारलं.

"आता बरोबर आहे," मी म्हटलं. "घाला."

बाळ रडलं नाही. मी परत येऊन माझ्या जागेवर बसले. कोपरावरून पाणी मनगटाकडे ओघळत होतं, दारातून येणाऱ्या वाऱ्याने तिथे गार लागत होतं. पर्समध्ये रुमाल होता. तो मी काढला नाही.